मीटरमधले रुपये

पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं माझ्या बाबतीत सहसा होत नाही. ज्याला चारचौघांत बोलता येत नाही त्याला निदान लिहावं तरी लागतं. पण तात्यांच्या त्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. दसऱ्याच्या सुमाराला ते आलं आणि नाताळ तोंडावर आला तरी माझ्या कोटाच्या आतल्या खिशातच पडून होतं.

ते आलं तेव्हा आम्ही तिघं डर्बीतल्या त्या घराच्या स्वयंपाकघरात चहा घेत उभे होतो. उभे अशासाठी, की खुर्चीत बसलं की थंडी जास्त वाजायची. पत्र माझ्या नावाचं होतं, पण पाकिटावरचं अक्षर दिनकरनं ओळखलं.

"हे आमच्या तात्याचं अक्षर," तो म्हणाला. "तुला काय लिहितोय तो?"

मी पाकीट फोडलं, वरवर नजर फिरवली आणि म्हणालो, "द्राक्षांच्या रोगावर एखादं पुस्तक मिळेल का, विचारतायत."

मला खोटं बोलता येत नाही. म्हणजे बोलतो, पण कान लाल होतात. दिनकर माझ्या कानांकडे बघत राहिला. तेवढ्यात त्याच्या बायकोनं, शालिनीवहिनींनी, त्याच्या हातात जेवणाचा डबा दिला आणि तो कामावर निघाला.

तात्या म्हणजे दिनकरचे थोरले भाऊ. तासगावजवळच्या खेड्यात त्यांची द्राक्षाची बाग होती. मला ते एकदाच भेटले होते, मी इंग्लंडला निघालो तेव्हा, दिनकरसाठी चटणी द्यायला. त्यांनी लिहिलं होतं, दिनकर दरमहा न चुकता पैसे पाठवतो, त्यावर विहिरीचं काम चाललं आहे. तो कळवतो की इथं कशाला कमी नाही. आई त्याच्याकडे आहे, पण तिची पत्रंही तोच लिहून धाडतो, त्यामुळे त्यांतही सगळं झकासच असतं. 'तुम्ही त्यांच्या घरात राहता. वाचणारे माणूस आहात, खोटं लिहिणार नाही. मला एवढंच कळवा की त्या गावात महिना काढायला काय लागतं आणि दिनकरजवळ काय उरतं. त्याची ओढाताण होत असेल तर मी विहीर थांबवतो. पाणी कुठं पळून जात नाही.'

असं सरळ पत्र मला तोवर कुणी लिहिलं नव्हतं, आणि म्हणूनच त्याचं उत्तर सुचत नव्हतं.

ही अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. आदल्या वर्षी राणीनं डर्बीला शहराचा दर्जा दिला होता. भाडी मात्र त्याच्या आधीच शहराची होऊन बसली होती. पावाची, दुधाची किंमत दर दोन-तीन महिन्यांनी वर सरकायची आणि दुकानदार जुन्या चिठ्ठीवरच नवी चिकटवायचा. मी तिथल्या सार्वजनिक वाचनालयात पुस्तकांची नोंद करायला होतो आणि दिनकर माने एका यंत्रांच्या कारखान्यात नकाशे काढायचा. माझा पगार बेताचाच, पण माझ्यामागं कुणी नव्हतं. दिनकरनं विटांचं एक चिंचोळं घर भाड्यानं घेतलं होतं आणि भाड्याला हातभार म्हणून वरची माळ्याची खोली मला दिली होती. आम्ही मित्र होतो. निदान मी तसं समजत होतो.

उन्हाळ्यानंतर त्याच्या कारखान्यातलं काम आदल्या वर्षीसारखंच पुन्हा आटलं. आठवड्यातून दोन-तीनच दिवस बोलवायचे, पगारही तेवढ्यापुरताच. पण दिनकर रोज सकाळी डबा घेऊन निघायचा. काम नसेल त्या दिवशी तो आमच्या वाचनालयाच्या वाचनकक्षात येऊन बसायचा. तिथं लोखंडी नळ्यांतून गरम पाणी फिरायचं. त्या हिवाळ्यात अर्धं गाव तिथं वर्तमानपत्र उलटं धरून बसलेलं असे. मी पुस्तकांची ढकलगाडी घेऊन शेजारून गेलो तर दिनकर मान वर करत नसे. मीही थांबत नसे. घरी आल्यावर तो कारखान्यातल्या गमती सांगायचा आणि मी हसायचो.

हे सगळं नाटक आक्कांसाठी होतं. आक्का म्हणजे दिनकरची आई. श्रावणात त्या सुनेच्या बाळंतपणासाठी आल्या होत्या. वहिनींचे दिवस माघात भरणार होते. त्यांचं पहिलं बाळ आदल्या हिवाळ्यात सातव्या महिन्यात गेलं होतं. दवाखान्यातली नर्स दर खेपेला बजावायची की घर उबदार ठेवा. आणि घर उबदार ठेवणं म्हणजे काय, ते जिन्याखालच्या कपाटात होतं.

तिथं गॅसचा मीटर होता. त्याला एक फट होती. तिच्यात दहा पेनीचं नाणं टाकायचं, बाजूची मूठ फिरवायची, की तेवढ्यापुरता गॅस येई. नाणं संपलं की शेगडी विझे आणि चुलीवरची भाजीही अर्धी कच्ची राही. दिनकरनं नियम केला होता की शेगडी फक्त पुढच्या खोलीत, आक्कांच्या उशाशी पेटेल. आक्कांना सांगितलं होतं की वरच्या खोल्यांतून वेगळी सोय आहे. वेगळी सोय म्हणजे वहिनींच्या अंगावरचा दिनकरचा ओव्हरकोट. आक्कांनी हाक मारली की तो काढून खुंटीला लावायचा आणि मग पुढच्या खोलीत जायचं.

माझ्या वाट्याची नाणी मी टाकत असे. त्याहून जास्त टाकायला गेलो की दिनकर म्हणायचा, "पोतनीस, तू भाडं देतोस तेवढं पुरे."

आक्कांना शेगडीपेक्षा मीटरचं अप्रूप जास्त. खंडेनवमीला त्यांनी घरातली हत्यारं पुजली. दिनकरची नकाशे काढायची पेटी, माझं पेन, इस्त्री, विळी, आणि शेवटी पाटावर बसून जिन्याखालच्या मीटरला हळदकुंकू वाहिलं. "घरात विस्तव देणारा ह्योच न्हवं?" असं त्यांचं म्हणणं. दिनकर आम्हाला बाहेर बोलावून हसला होता. ते कुंकू मात्र कुणी पुसलं नाही.

बुधवारी आमचं वाचनालय दुपारी बंद व्हायचं. नाताळच्या आधीच्या बुधवारी मी घरी आलो तेव्हा दिनकर अर्थातच 'कामावर' होता. वहिनी स्वयंपाकघरात ओव्हरकोट घालून पोळ्या लाटत होत्या. दार वाजलं. गॅसचा माणूस मीटर उघडायला आला होता.

वहिनी त्याची वाट बघत होत्या हे मला माहीत होतं. त्या मीटरचा दर मुद्दाम चढा लावलेला असायचा. तीन महिन्यांनी माणूस येई, पेटी टेबलावर ओतून मोजी आणि जास्तीचे पैसे तिथल्या तिथे नाण्यांत परत देई. त्या परताव्यावर वहिनींनी अख्खा जानेवारी बांधून ठेवला होता. परत आलेली नाणी पुन्हा मीटरमध्ये जायची होती, वरच्या खोलीतल्या शेगडीसाठी. बाळंतपणापुरती तरी ती पेटवायची, असं त्यांनी दिनकरकडून कबूल करून घेतलं होतं.

गॅसचा माणूस उतारवयाचा होता, ऑल्सॉप नावाचा. आक्का पुढच्या खोलीतून बाहेर आल्या तेव्हा त्यानं टोपी काढून त्यांना नमस्कारासारखं काही केलं आणि तिकडच्या रिवाजाप्रमाणे 'डक' म्हणाला.

"काय म्हणतोय त्यो मला?" आक्कांनी विचारलं.

"बदक म्हणतोय, आक्का. इथं आपल्या माणसाला तसं म्हणतात."

"मग बस म्हणावं. चा घे म्हणावं."

तो जिन्याखाली वाकला आणि बराच वेळ वर आला नाही. मग त्यानं मला बोलावलं. फटीभोवती हे तांबडं काय लावलं आहे, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, पूजा केली आहे. त्याला ते कळलं नाही, आणि मला ते इंग्रजीत धडपणे सांगता आलं नाही. मीटरला कुणी हात लावला आहे का, असं त्यानं पुन्हा विचारलं, आणि आता त्याच्या बोलण्यात डक नव्हतं.

पेटी त्यानं टेबलावर ओतली. नाणी मोजायला त्याची बोटं सराईत होती, दहा-दहाचे मनोरे पटापट उभे राहत होते. मग बोटं थांबली. त्यानं एक नाणं उचलून खिडकीकडे धरलं. दुसरं उचललं. मग मोजायचं सोडून तो नुसती तीच नाणी वेचून बाजूला ठेवू लागला. ढीग वाढत गेला. मी जवळ जाऊन बघितलं. प्रत्येकावर अशोकस्तंभाचे सिंह होते.

आक्का भिंतीपाशी उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर लपवाछपवीचं काही नव्हतं. आपलं काम कुणीतरी तपासतंय आणि ते बरोबरच निघणार, अशा त्या बघत होत्या.

"आक्का, हे तुम्ही टाकलेत?"

"व्हय. पूजेला दक्षिणा नको? सव्वा रुपया टाकला. वरची पावली खाली पडली, पर रुपया त्यानं घेतला आणि गॅस आला. म्हनलं, मान्य हाय त्याला." मग त्या म्हणाल्या, "शालनीची बोटं कशी गार असत्यात, बघितलंय मी. म्हनून तुम्ही दोगं भाईर गेला की रोज एक टाकत हुते. तिच्या कामाच्या वक्ताला चूल तरी विझू नये."

ते रुपये बारशाला बाळावर ओवाळायला म्हणून तात्यांनी पुरचुंडीत बांधून दिले होते.

ऑल्सॉपनं मला समोर बसायला सांगितलं. हा गुन्हा होतो, तो म्हणाला. नाण्याऐवजी वॉशर घालणारे, पत्र्याच्या चकत्या कापणारे त्यानं पाहिले होते. हे परदेशी नाणं, आणि एखाददुसरं नाही. त्याला हे वर कळवावं लागेल. बहुतेक पुरवठा तोडतील आणि घरमालकालाही पत्र जाईल. हे सगळं तो खालच्या आवाजात सांगत होता, आणि मला कळत होतं की आता मी काहीतरी बोलायला हवं. वहिनी ओट्याला पाठ टेकून उभ्या होत्या. त्यांचा हात पोटावर होता.

"काय म्हणतोय?" आक्कांनी विचारलं.

"म्हणतोय, आपलं नाणं इथं चालत नाही."

आक्कांनी पदर सावरला. "त्याला इचार, मी ल्हान हुते तवा त्यांच्या राजाचं डोस्कं असलेलं नाणं आमच्या गावात चाललं का न्हाई? धा कोसावर गोरा मानूस नव्हता, तरी चाललं. आमी कधी न्हाई म्हनालो न्हाई. मग आमचं हितं का चालू नये?"

ते भाषांतर मी करावं की नाही, या विचारात मी किती वेळ घालवला ते सांगता येणार नाही. हे ऐकून माणूस चिडला तर? उद्धटपणा समजला तर? माझे कान तापले होते. पण तो माझ्याकडे बघत थांबला होता, आणि खोटं काही सुचेना. शेवटी आक्का जे म्हणाल्या होत्या ते मी त्याच क्रमानं, त्याच साधेपणानं सांगितलं. इंग्रजीत इतकी लांब वाक्यं मी त्याआधी कुणा अनोळखी माणसाशी बोललो नव्हतो.

तो हसला नाही. त्यानं आक्कांकडे बघितलं, मग वहिनींकडे, मग त्यांच्या अंगावरच्या ओव्हरकोटाकडे.

"तिला सांग," तो म्हणाला, "राजाचं मला काही माहीत नाही. मी फक्त पेट्या उघडतो."

मग त्यानं पेन्सिल घेतली. रुपये खोटे धरून तेवढी रक्कम त्यानं परताव्यातून वळती केली. या खेपेला वर काही कळवत नाही, पण पुढच्या खेपेला असलं एक जरी नाणं निघालं तरी आपले हात बांधलेले असतील, असं तो म्हणाला. रुपये त्यानं आक्कांच्या ओंजळीत परत दिले. परताव्याची जी नाणी टेबलावर उरली ती एका मुठीत मावत होती. चहा न घेताच तो गेला.

वहिनी ती मूठभर नाणी बघत होत्या. मग त्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या आणि ओव्हरकोटाच्या बाहीनं तोंड झाकलं. तो कोट काढून ठेवायचं त्यांना सुचलं नाही.

आक्का माझ्याजवळ आल्या.

"मास्तर," त्या म्हणाल्या. मी मास्तर कधीच नव्हतो, पण चष्म्यामुळे त्यांनी मला तेच नाव दिलं होतं. "एवढ्याशा पैक्यासाठी ती रडती व्हय? आता समदं सांग. माझा ल्योक सांगनार न्हाई आन सुनेला मी इचारनार न्हाई. तू सांग."

मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी मान हलवली नाही, पण नकोही म्हणाल्या नाहीत. मी खिशातून तात्यांचं पत्र काढलं आणि आक्कांना वाचून दाखवलं. त्यांनी मध्येच तोडलं नाही. मग मी त्या पत्राचं उत्तर त्यांना तोंडी दिलं. भाडं काय पडतं, बसचे काय होतात, एका नाण्यात शेगडी किती वेळ जळते. वरच्या खोल्यांत वेगळी सोय नाही. दिनकर रोज कारखान्यात जात नाही, डबा घेऊन आमच्या वाचनालयात येऊन बसतो. पगार अर्ध्यावर आला तरी विहिरीचे पैसे मात्र पुरे जातात, कारण ते तो आधी काढून ठेवतो आणि उरलेल्यात महिना बसवतो.

आक्का खाली बघत होत्या. "म्हंजी हिरीला पानी लागावं म्हनून हितली चूल इझतीया," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "कागद घे."

त्यांनी सांगितलेलं मी लिहून घेतलं. दिनकरखेरीज दुसऱ्याच्या अक्षरातलं त्यांचं ते पहिलंच पत्र. तात्याला आशीर्वाद. इथं थंडी आहे आणि सगळं विकत आहे, विस्तवसुद्धा. दिनकरचे पैसे या महिन्यापासून येणार नाहीत, मागू नको. विहीर थांबव, लोकांना सांग आईनं थांबवली. मी बाळाला बघूनच परत येईन, मला बोलावू नको. त्याखाली तुजं काय त्ये लिव, असं त्या मला म्हणाल्या. मी तात्यांनी विचारलेलं सगळं लिहिलं. लिहायला बसल्यावर मला थोडक्यात लिहिता येत नाही, कागदावर कागद वाढले.

अंधार पडता पडता दिनकर आला. कोट काढत तो नेहमीसारखा बोलत होता, आज साहेबानं नवा नकाशा दिला, तो कसा चुकीचा निघाला. आक्का शेगडीजवळ बसल्या होत्या. त्यांनी त्याला बोलू दिलं आणि त्याचं संपल्यावर म्हणाल्या, "उद्यापासनं डबा घिऊन वाचनालयात जाऊ नको. घरात बस. एक मानूस वाढला की खोली तेवढीच ऊब धरती."

दिनकरनं प्रथम माझ्याकडे बघितलं.

टेबलावर ते पत्र होतं, अजून पाकीट न चिकटवलेलं. त्यानं ते उभ्यानं वाचलं. त्याचा आवाज चढला नाही. मला वाटतं चढला असता तर बरं झालं असतं.

"पोतनीस," तो म्हणाला, "भाडेकरूनं भाडं द्यावं. घरातल्या गोष्टी गावाला कळवायचं काम मी तुला दिलं नव्हतं."

 त्याचं म्हणणं खरंही होतं. तो आईकडे वळला. विहीर निम्म्यात थांबली तर गावात काय तोंड दाखवू, त्यानं विचारलं.

"तोंड गावात हाय कुठं तुजं?" आक्का म्हणाल्या. "त्ये हितं हाय. आन थंडीनं निळं पडलंय."

"दोन महिन्यांचा प्रश्न आहे, आक्का. कारखाना पुन्हा सुरळीत होईल. तोवर जरा कळ काढली तर…"

"मागच्या हिवाळ्यातही तुम्ही हेच म्हणाला होतात," वहिनी म्हणाल्या.

त्या दारात उभ्या होत्या. त्या घरात मी दीड-दोन वर्षं राहत होतो, पण दिनकरच्या बोलण्यात त्यांना मध्ये बोलताना मी ऐकलं नव्हतं.

"दोन महिने कळ काढ म्हणालात. मी काढली. नर्स विचारायची, घरात शेगडी पेटते ना, तेव्हा मी हो म्हणायचे. मी त्याबद्दल तुम्हाला एका शब्दानं बोलले नाही. आताही बोलणार नाही. पण या खेपेला कळ काढणार नाही."

 शेगडीचा सूं सूं आवाज बारीक होत गेला आणि ज्वाला निळी होऊन विझली. नाणं संपलं होतं. आमच्यापैकी कुणी उठलं नाही.

मग आक्कांनी पत्राचे कागद गोळा केले, घडी घालून दिनकरपुढे ठेवले. "माजं सांगनं मी सांगितलं," त्या म्हणाल्या. "पर पैसं तुजं, आन भाऊ बी तुजा. तुज्या हातानं टाक, न्हाईतर फाड. मास्तरावर राग काढू नको. त्यानं इचारल्याबिगर काय सांगितलं न्हाई."

दिनकर ते पत्र घेऊन वर गेला. मी माळ्यावर पडल्या पडल्या ऐकत होतो. कागद फाटल्याचा आवाज येईल असं मला सारखं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर यावा असंही एका मनाला वाटत होतं. म्हणजे मी पुन्हा नुसता भाडेकरू झालो असतो.

सकाळी मी निघालो तेव्हा तो दाराशी उभा होता. मफलर गुंडाळलेला. हातात डबा नव्हता. बरोबर चालू लागला. रस्त्यावर हिम पडून घट्ट झालं होतं आणि आम्ही दोघं पायांकडे बघत चाललो होतो. कोपऱ्यावर लाल टपालपेटी होती. तिथं तो थांबला आणि त्यानं आतल्या खिशातून पाकीट काढलं. ते चिकटवलेलं होतं. पत्ता त्याच्या अक्षरात होता.

त्यानं ते तळहातावर तोललं. एकदा, दोनदा.

"तू फार लिहिलंयस," तो म्हणाला. "जड झालंय. एवढ्या तिकिटावर जायचं नाही."

"आक्कांचं आणि माझं मिळून…"

"आणि माझंही एक पान आहे," तो म्हणाला.

आम्ही पोस्टाचं कार्यालय उघडेपर्यंत त्याच्या दाराशी पाय आपटत उभे राहिलो. खिडकीशी मी खिशात हात घातला तर त्यानं माझं मनगट धरलं आणि बाजूला केलं. पैसे त्यानं दिले. तिकीट जिभेला लावलं, पाकिटावर बसवलं, अंगठ्यानं बराच वेळ दाबून धरलं. मग भिंतीतल्या फटीत पाकीट घालून तो थांबला. निम्मं आत होतं, निम्मं त्याच्या बोटांत. मी दुसरीकडे बघू लागलो.

आत ते पडल्याचा आवाज मी ऐकला.

"तुला उशीर होईल," दिनकर म्हणाला. वाचनालयाचा रस्ता उजवीकडे होता. त्यानं मफलर नीट केला, खिशात चाचपून एक नाणं काढलं, ते दहा पेनीचंच आहे याची खात्री करून घेतली आणि घराकडे वळला.